‘आर्ट्सवाल्यांना परदेशात कोण पैसे देतो?’ : एका व्हॉट्सॲप संदेशाला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला चार वेळा आला. पहिल्यांदा तो भावकीच्या गटात आला तेव्हा मी वाचून सोडून दिला. दुसऱ्यांदा माजी विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी टाकला, तिसऱ्यांदा एका लग्नपत्रिकेच्या मागोमाग आला. चौथ्यांदा मात्र तो शिरपूरहून माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली विचारले, “भाऊ, हाई खरं शे का? पैसा भरी देऊ का?” तिच्या मुलीचे राज्यशास्त्रात एम.ए. झाले आहे. तिला ग्लोबल स्टडीज, म्हणजे जागतिक व्यवहारांचा अभ्यास, परदेशात जाऊन करायचा आहे आणि त्या खर्चाची बोलणी घरात चालू असतानाच हा संदेश येऊन पडला. बावीस वर्षे राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला आता गप्प बसणे शक्य नाही.

संदेश लांबलचक आहे. त्यातील दावे असे : परदेशी शिष्यवृत्त्या फक्त विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना मिळतात, आर्ट्सवाल्यांसाठी जो थोडा ‘कोटा’ असतो तो ‘सेटिंग’शिवाय हाती लागत नाही, ४९,९९९ रुपये भरून ‘फाइल’ लावल्यास शिष्यवृत्तीची शंभर टक्के हमी आहे, तीन वर्षांची पदवी आणि ग्रामीण विद्यापीठ बाहेर चालत नाही, जर्मनीत सगळे फुकट आहे, आणि शिष्यवृत्ती मिळाली की तिकडचे कायम वास्तव्यही आपोआप मिळते. शेवटी ‘फक्त ३ जागा शिल्लक’ आणि एक क्यूआर कोड.

पहिल्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची इमारत त्याच्यावर उभी आहे. इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठान ही १९७६ साली स्थापन झालेली संस्था भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील नामांकित विद्यापीठांत शिकण्यासाठी एक लाख डॉलरपर्यंत मदत करते. तिच्या नियमांत कोणत्या विषयांना पैसे मिळणार नाहीत याची यादीच दिलेली आहे. त्या यादीत इंजिनिअरिंग आहे, संगणकशास्त्र आहे, वैद्यकीय शिक्षण आहे, व्यवस्थापन आहे. म्हणजे संदेशकर्त्याच्या मते ज्यांच्यासाठीच शिष्यवृत्त्या असतात, नेमक्या त्यांनाच येथे दार बंद आहे आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याला ते उघडे आहे. अटी कडक आहेत : वय तिशीच्या आत हवे, गुण चांगले हवेत, विद्यापीठाचे प्रवेशपत्र आधी हातात हवे. पण ‘आर्ट्सवाल्यांना कोण पैसे देतो’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही एक यादी मला पुरेशी वाटते आणि बहिणीला मी प्रथम तीच वाचून दाखवली.

याखेरीज ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून चालू आहे. ती एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी असते आणि विषयाचे बंधन जवळजवळ नसते. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेत निवड झाल्यास शिक्षणशुल्क माफ होते आणि दरमहा १,४०० युरो जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. लाइपझिग विद्यापीठाच्या पुढाकाराने २००५ साली सुरू झालेला ग्लोबल स्टडीजचा संयुक्त अभ्यासक्रम याच योजनेच्या छत्राखाली वाढला आणि त्याचा विद्यार्थी दोन वर्षांत दोन निरनिराळ्या देशांत शिकतो. अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीच्या पदव्युत्तर गटात ठरावीकच विषय असतात, आणि त्यांत आंतरराष्ट्रीय व्यवहार, लोकप्रशासन, स्त्री-अभ्यास हे विषय आलेले आहेत.

मराठी माणसाने तर हा दावा करूच नये. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची वृत्ती देऊन ज्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तो तेथे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आणि मानववंशशास्त्र शिकला. त्या वृत्तीच्या बदल्यात परत येऊन बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता, पण विषय बदलून इंजिनिअर हो, असे डॉ. आंबेडकरांना कोणी सांगितले नव्हते. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राज्यशास्त्र शिकले ते जे. एन. टाटा एंडोमेंटच्या मदतीने. १८९२ मध्ये सुरू झालेली ही योजना आजही चालते, मात्र तिची मदत कर्जाच्या रूपाने असते हे लक्षात ठेवावे. आणि फार लांब कशाला, आमच्या अमळनेरात गिरणीमालक प्रतापशेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले तेव्हा देशभरातून आलेल्या अभ्यासकांना वृत्ती देऊन येथे ठेवले जात होते, आणि तेही वेदान्त शिकण्यासाठी.

आता दुसरा आणि तिसरा दावा, म्हणजे ‘सेटिंग’ आणि ‘हमी’. माझा खरा राग या दोन ओळींवर आहे.

चेवनिंग, इरास्मुस मुंडुस, फुलब्राइट-नेहरू किंवा केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, यांपैकी कोणत्याही अर्जाला शुल्क नाही. अर्ज विद्यार्थ्याने स्वतः ऑनलाइन भरायचा असतो. मध्यस्थासाठी राखून ठेवलेला कोटा कोठेही नाही, कारण निवड अर्ज व कागदपत्रांवर आणि काही योजनांत मुलाखतीवर होते. मग हमी कशाची? ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडून वर्षाला वीस-पंचवीस हजार पौंड शुल्क घेतात आणि बहुतेक सर्व अर्जदारांना त्यातून दोन-तीन हजारांची सूट देतात. त्या सुटीलाही कागदावर ‘स्कॉलरशिप’ असेच नाव असते. तीन हजारांची सूट मिळाली की मध्यस्थाची हमी पुरी झाली. उरलेले वीस हजार पौंड आणि राहण्याखाण्याचा खर्च यांसाठी शेताचा तुकडा तुमचा. शिवाय प्रवेश झाला की मध्यस्थाला विद्यापीठाकडूनही दलाली मिळते, म्हणजे पूर्ण शुल्क भरणारा विद्यार्थीच त्याला परवडतो. पूर्ण शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी घाम गाळण्यात त्याचा काय फायदा?

भाचीने मला न विचारता त्या क्रमांकावर चौकशी केली होती. तिला एक ‘नमुना उद्देशपत्र’, म्हणजे हाच अभ्यासक्रम का करायचा हे सांगणारे पत्र, आले, ज्यात फक्त नाव बदलायचे होते. मी ते वाचले. पहिल्या परिच्छेदात लेखक राजकोटचा होता आणि वडिलांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून त्याला पुरवठा साखळी व्यवस्थापनाची ओढ लागली होती; तिसऱ्या परिच्छेदात, बहुधा आमच्यासाठी, ‘ग्लोबल स्टडीज’ हे शब्द वेगळ्या आकाराच्या अक्षरांत चिकटवले होते. क्यूआर कोडही कोणत्या संस्थेच्या नावावर नव्हता, एका व्यक्तीच्या नावावर होता.

पैसे बुडतात हा यातला लहान तोटा आहे. चेवनिंगच्या अर्जात चार लहान निबंध मागतात : तुम्ही कोठे नेतृत्व केले, माणसे कशी जोडली, हाच अभ्यासक्रम का हवा, आणि पुढे काय करणार. निवड झालेल्यांना मुलाखतीत त्याच मजकुरावर प्रश्न विचारतात. शिरपूरची मुलगी तेथे राजकोटच्या कारखान्याविषयी काय सांगणार आहे? तिच्याकडे सांगण्यासारखे स्वतःचे पुष्कळ आहे. तिच्या वडिलांची केळी व्यापाऱ्यामार्फत आखाती देशांत जातात आणि वर्षभराचे गणित समुद्रापलीकडच्या मागणीवर हलते. कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे पाहून हलतो, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला तेव्हा, १८६१ ते १८६५ या काळात, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. संदेशात ‘ग्लोबल स्टडीज म्हणजे नकाशे बघणे’ अशी टिंगल आहे; ती करणाऱ्याने एकदा सावद्याच्या केळी बाजारात उभे राहून भाव कोण ठरवतो हे विचारावे.

तीन वर्षांच्या पदवीचा मुद्दा जुना आणि बराचसा निकामी आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी चालते. फुलब्राइट-नेहरूसाठी चार वर्षांच्या शिक्षणाइतकी पात्रता लागते, पण तीन वर्षांच्या पदवीवर एम.ए. केलेला विद्यार्थी तेथे पात्र ठरतो. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी म्हणून अर्ज बाद होतो, असा नियम यांपैकी एकाही योजनेत नाही. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि तिचे शुल्क सतरा हजारांहून अधिक आहे, हा खर्च खरा आहे व तो टळत नाही.

जर्मनीबद्दल अर्धे खरे आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. हे अकरा-बारा लाख रुपयांच्या घरात जाते. डाड या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती असेल तर त्या खात्याची गरज उरत नाही, परंतु विकासविषयक अभ्यासक्रमांच्या तिच्या योजनेत साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात.

कायम वास्तव्याच्या आमिषाला दोन वाक्ये पुरेत. चेवनिंग घेणाऱ्याने शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतायचे असते आणि फुलब्राइटच्या व्हिसालाही दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट जोडलेली असते. म्हणजे संदेशात लिहिले आहे त्याच्या बरोबर उलट.

आता जे मान्य करावे लागते ते करतो, जरी मनापासून नाही. आपल्या सरकारी योजनांत सामाजिक शास्त्रांना सापत्न वागणूक मिळते, ही संदेशातील कुरकुर पूर्ण खोटी नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. एकूण जागा १२५, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. २०२२ मध्ये तिच्या नियमांत बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. जातिव्यवस्थेचा अभ्यास परदेशात जाऊन करू इच्छिणाऱ्या दलित विद्यार्थ्याला याच योजनेतून नकार मिळावा, याचे समर्थन मला करता येत नाही. आंतरराष्ट्रीय संबंध किंवा ग्लोबल स्टडीज त्या वगळलेल्या यादीत नाहीत, एवढेच म्हणतो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची स्वतंत्र योजना आहे, पण तिच्यात साऱ्या देशासाठी वर्षाला २० जागा आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात शंभरातील ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. तेथील एखाद्या पावरा मुलीला ‘भरपूर संधी आहेत’ असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते. सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी आहे, इतर मागास, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठी निरनिराळ्या विभागांच्या योजना आहेत. यांतील काहींमध्ये जागा शाखानिहाय वाटलेल्या असतात आणि कलाशाखेच्या वाट्याला थोड्याच येतात. थोड्या म्हणजे शून्य नव्हे, आणि त्याही ४९,९९९ रुपये भरून मिळत नाहीत.

ज्याला परदेशी जायचे नाही त्याच्यासाठी नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत ‘आंतरराष्ट्रीय आणि क्षेत्र अध्ययन’ हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून कनिष्ठ संशोधन वृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. शिरपूरहून दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ लंडनइतके दूर नाही, हे मी भाचीला सुचवून पाहिले. तिने ऐकून घेतले.

बहिणीने पैसे भरलेले नाहीत. मेहुणे अजून म्हणतात की एवढे लोक पाठवतात तर काहीतरी असेलच, आणि संदेश काल संध्याकाळी त्यांनीच आणखी दोघांना पुढे पाठवला. भाचीने मात्र वही काढली. चेवनिंगला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि त्यात अर्धवेळ कामाबरोबर विनावेतन स्वयंसेवाही धरतात, हे कळल्यावर तिने महाविद्यालयात शिकवलेल्या तासिका आणि धडगावच्या पाड्यांवर आरोग्य सर्वेक्षणात घालवलेल्या सुट्ट्या महिनावार लिहून बेरीज केली. ती १,९४० भरली. ८६० तास कमी पडतात, म्हणून यंदा चेवनिंगचा अर्ज नाही. इरास्मुस मुंडुसच्या ज्या अभ्यासक्रमांना अनुभवाची अट नाही, त्यांचे अर्ज हिवाळ्यात असतात. त्यांसाठी विद्यापीठाच्या शिक्क्याच्या गुणपत्रिका लागतील. गुरुवारी मी जळगावला जाणारच आहे, तेव्हा तिचा अर्ज आणि शुल्क घेऊन जाईन.