मापापुरते दाजी

पहाटे साडेतीनला कोणीतरी पांघरूण ओढलं तेव्हा मला वाटलं, काकड आरती असेल. डोळे उघडले तर समोर मेहुणा. कानटोपी, दोन स्वेटर, गळ्यात कॅमेरा. "दाजी, उठा. ढग यायच्या आत ज्वालामुखी गाठायचाय."

खरं तर आम्ही मॉरिशसला निघालो होतो. समुद्र, शहाळं आणि आडवं पडणं, एवढाच बेत. पण तिथून विमानाने पाऊण तासावर रियुनियन नावाचं फ्रान्सचं बेट आहे आणि त्यावर जिवंत ज्वालामुखी आहे, हे मेहुण्याने शोधून काढलं. "एवढ्या जवळ जाऊन शहाळी पीत बसायचं?" माझं उत्तर 'हो' असं होतं, पण प्रश्न मला नव्हताच, त्याच्या ताईला होता.

ज्वालामुखीचं नाव पितों द ला फुर्नेझ, म्हणजे भट्टीचं शिखर. उंची २६३२ मीटर. जगातल्या सर्वांत खटपट्या ज्वालामुखींपैकी एक. भट्टी म्हटल्यावर मी सुती शर्ट घातला. हा माझा निर्णय होता आणि तो मला दिवसभर ऐकवला गेला.

घाटात ही लिंबू हुंगत बसली होती. मेहुणा दर वळणाला गाडी थांबवायला सांगत होता आणि खाली उतरून मला म्हणत होता, "दाजी, जरा त्या दगडापाशी जाऊन उभे राहा. अजून मागे. अजून." मला आधी बरं वाटलं. मग कळलं, मी मापासाठी होतो. निसर्ग किती विराट आहे ते दिसायला चौकटीत एक क्षुल्लक वस्तू लागते म्हणे. प्लेन दे साब्ल या लालकाळ्या, मंगळावर शोभावा अशा माळावर मी तांदळातल्या खड्याएवढा आलो आहे. फोटो अप्रतिम आहे, असं सगळे म्हणतात.

वाटेत कॉमेर्सों नावाचं एक जुनं ज्वालामुखी-विवर लागतं. २००७ साली चक्रीवादळात तिथे तीन दिवसांत ३९२९ मिलिमीटर पाऊस पडला, हा जगातला उच्चांक. २६ जुलैचे आपले ९४४ मिलिमीटर मी इतकी वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगत आलोय. गाडीत परत बसलो तेव्हा मी जरा गप्पच होतो.

पास द बेलकोंबच्या कड्यावर, २३११ मीटरवर, उतरलो आणि दात वाजू लागले. समोर खाली काळ्या लाव्ह्याचं अफाट मैदान, त्यात फॉर्मिका लेओ ही १७५३ साली उगवलेली छोटीशी तांबडी टेकडी, आणि मागे भट्टीचं शिखर. दृश्य खरोखर जीव अडकावा असं होतं. मी चार मिनिटं भान हरपून पाहिलं. पाचव्या मिनिटाला ढग आला.

मेहुणा तोवर लेन्स पुसत होता.

मग आम्ही थांबलो. सात वाजले, आठ वाजले. तो म्हणाला, खाली उतरलो तर ढगाच्या खालून दिसेल. पाचशेहून अधिक पायऱ्या उतरलो, ट्रायपॉड माझ्या खांद्यावर. खाली ढग होताच, वर आता पायऱ्याही होत्या. दगडांवर मारलेले पांढरे पट्टे बघत चालायचं, पट्टा दिसेनासा झाला की थांबायचं. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी ढगात चार तास बसून मी हेच केलं होतं. तिथे निदान पिठलं-भाकरी मिळाली होती.

परतताना ज्वालामुखीच्या संग्रहालयात शिरलो, मुख्यतः ऊब म्हणून. तिथे मला नकाशा दिसला आणि मी खुर्चीच शोधू लागलो. या बेटाखाली पृथ्वीच्या पोटात जो तप्त झरा आहे, त्यानेच साडेसहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी आपला दख्खनचा कातळ ओतला, असं शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा भारत त्याच्या डोक्यावर होता. पुढे भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे त्याच ओळीत लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी खूण राहत गेली. शेवटचं टोक हे.

"म्हणजे हा आपल्या सिंहगडाचाच दगड?" हिने विचारलं.

"त्याचा धाकटा भाऊ," मी म्हणालो.

"आणि माझ्या पाट्याचा?"

"त्याचाही."

ती बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली. मग भावाकडे वळून शांतपणे म्हणाली, "आणि मी म्हणत होते, मालदीवला जाऊ. तेही याच ओळीत आहे की रे. शिवाय तिथे पोहता येतं."

दुसऱ्या दिवशी सेंत-रोझला गेलो. १९७७ साली लाव्हा गाव जाळत आला आणि तिथल्या चर्चच्या दारात येऊन थांबला. ऊन लख्ख, आकाश निळं, ढग औषधालाही नाही. कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती.

घरी आल्यावर मोजलं: अठराशे फोटो, त्यांतले चौदाशे ढगांचे. ते दाखवायला मेहुणा रविवारी जेवायला आला. हिने मुद्दाम पाट्यावर लसणाची चटणी वाटली, ताटं मांडली, भाकऱ्या वाफाळत होत्या. मी हात पुढे करणार तेवढ्यात त्याला खिडकीतून पाट्यावर पडलेलं ऊन दिसलं.

"थांबा, कोणी हलू नका," तो कॅमेरा काढत म्हणाला. "दाजी, तुम्ही फक्त हात ठेवा तिथे वरवंट्याशेजारी. मापासाठी."