मला पगार नको आहे

मागच्या आठवड्यात केवायसीचे कागद नव्याने भरून देण्यासाठी बँकेत गेले होते. काउंटरवरचा मुलगा माझ्या थोरल्या भाच्याच्या वयाचा असेल. त्याने मान वर न करता ‘गृहिणी’ या चौकटीत खूण केली आणि गुजरातीत विचारले, "बेन, आवक कंई नहीं ने?" (ताई, उत्पन्न काही नाही ना?) मी काही बोलण्याच्या आधीच उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहून झाले होते. त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण माझ्या नावाने महिन्याला एक रुपयाही पगार येत नाही. तरीही बडोद्याच्या दांडिया बाजारातून चालत घरी येईपर्यंत ते शून्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

त्या दिवशी पहाटे तीन वाजता मला जाग आली होती. सासूबाईंच्या खोलीतून काही आवाज आला असे नाही. उलट रोज येणारा त्यांच्या कूस बदलण्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता. जाऊन पाहते तो त्यांचे कपाळ घामाने थबथबलेले, हात गार पडलेले, आणि त्या मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारत होत्या. बोट टोचून साखर पाहिली, तर ५२. सत्तरच्या खाली साखर गेली की थांबायचे नसते. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, आणि आकडा वर आला की पोळी किंवा बिस्कीट असे काहीतरी टिकाऊ पोटात घालायचे. मी तेच केले. साडेतीनला ९४ झाली. रात्री त्यांनी भूक नाही म्हणून अर्धी भाकरी पानात टाकली होती आणि इन्सुलिन मात्र नेहमीएवढेच घेतले होते, हे मला उशिरा लक्षात आले, त्याची चुटपुट अजून आहे. मग साडेपाचला दूध, सहाला मुलांचे डबे, आणि अकरा वाजता बँक.

हे सांगण्यात मला कौतुक करून घ्यायचे नाही. माझ्यासारख्या घरोघरी आहेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ १५ कोटी ९८ लाख स्त्रियांनी घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय म्हणून सांगितला होता आणि असे सांगणारे पुरुष होते सुमारे ५८ लाख. २०१९ साली केंद्र सरकारने लोकांचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली. तिच्यात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषाची ९७ मिनिटे जातात असे आढळले. म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि मुलांचे व म्हाताऱ्यांचे करणे त्यात धरलेले नाही, ते वेगळे. तरीही जनगणनेच्या हिशेबात आम्ही ‘काम न करणाऱ्या’ लोकांत मोडतो. २००१ च्या जनगणनेत तर गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या पंक्तीला बसवले होते आणि त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली होती.

न्यायालयांनी या बाबतीत आमची बाजू घेतली आहे, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुले दगावली. त्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिन्याला तीन हजार रुपये धरले. जानेवारी २०२१ मध्ये याच न्यायालयाने अपघाताच्या आणखी एका दाव्यात सांगितले की गृहिणीचे उत्पन्न गृहीत धरणे म्हणजे तिच्या श्रमाची आणि त्यागाची कदर करणे आहे. हे निकाल मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत आणि दर वेळी माझे मन एकाच जागी अडते. हे सगळे मोल बाई गेल्यानंतर ठरवलेले आहे. ती स्वयंपाकघरात उभी असते तेव्हा तिच्या रकान्यात शून्य, आणि रस्त्यावर ट्रकखाली आली की विमा कंपनी आणि वकील तिच्या पोळ्यांचा हिशेब करायला बसतात.

यावर उपाय म्हणून गृहिणींना पगार द्यावा असे आता बरेच जण म्हणतात. २०२१ च्या निवडणुकीत तामिळनाडूत तसे आश्वासनही देण्यात आले होते, आणि सप्टेंबर २०२३ पासून तिथे पात्र कुटुंबांतल्या स्त्रीला महिना हजार रुपये सरकारकडून मिळू लागले. गरजू घरात बाईच्या हातात चार पैसे आले तर मला आनंदच आहे. पण घरकामाला पगार ही कल्पना मला मान्य नाही, आणि मी जुन्या विचारांची आहे असे कोणी म्हटले तर ते खरे आहे, मी त्यात कमीपणा मानत नाही. पगार म्हटला की देणारा मालक आला आणि घेणारा नोकर आला. कामाचे तास आले, रजा आली, काम नीट झाले की नाही हे तपासणारा आला. ज्या घरात आम्ही दोघांनी देवासमोर सुपारी मांडून संसार सुरू केला, त्या घरात आमचे हे माझे मालक व्हावेत आणि मी त्यांची नोकर, याची मला कल्पनाही करवत नाही. पहाटे तीन वाजता मी सासूबाईंच्या खोलीत गेले ती कोणाच्या कामाच्या वेळेत गेले नाही. त्या माझ्या आहेत म्हणून गेले. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्याच रात्र रात्र जागल्या होत्या आणि तेव्हा त्यांनीही कोणाकडे काही मागितले नव्हते.

मुले लहान असताना आईने घरी असावे, असे माझे ठाम मत आहे. हे मत मी कोणावर लादत नाही, पण दडवूनही ठेवत नाही. एका पगारात घर चालणे आता किती कठीण आहे हे मला कळते, कारण आम्ही ते चालवतो. चार वर्षांत आम्ही कुठे फिरायला गेलो नाही. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी स्वतःची तीन वर्षांची नात शेजारणीकडे ठेवून येतात, आणि त्यांच्यासमोर हे मत बोलून दाखवताना माझी जीभ जड होते. त्यांना घरी राहण्याची ऐपत नाही आणि मला आहे, एवढाच आमच्या दोघींतला फरक आहे.

"शिकून घरीच बसायचे होते तर शिकलीस कशाला?" हा प्रश्न मला माहेरच्या आत्याने विचारला, वर्गमैत्रिणींनी विचारला, आणि एकदा तर मुलीच्या शाळेत एका पालक बाईंनीही विचारला. मी इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून गृहविज्ञानाची पदवी घेतली, विषय अन्न आणि पोषण. (आता त्या फॅकल्टीचे नाव बदलून ‘फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस’ झाले आहे, मला जुनेच नाव आवडते.) १९४९ साली हे विद्यापीठ सुरू झाले तेव्हा हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू होत्या, आणि त्यांच्याच काळात गृहविज्ञान इथे शिकवले जाऊ लागले. या हंसाबेन म्हणजे संविधान सभेच्या सदस्य, आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘ऑल मेन’ हे शब्द बदलून ‘ऑल ह्युमन बीइंग्ज’ करून घेण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या. इतक्या पुढच्या विचारांच्या बाईंना घर चालवणे हा विद्यापीठात शिकण्याच्या योग्यतेचा विषय वाटला. त्याच्याही आधी, १९०६ साली, सयाजीराव महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा मुलींनाही त्यातून वगळले नव्हते. शिकलेली बाई घरी राहिली म्हणून तिचे शिक्षण वाया गेले, हे म्हणणे बडोद्यात तरी शोभत नाही. त्या पहाटे ५२ हा आकडा पाहून माझे हात थरथरले नाहीत, ते त्या पदवीमुळे.

आणखी एक काम आहे जे कुठल्याच पाहणीत मोजले जात नाही. माझी मुले शाळेत इंग्रजी शिकतात आणि खाली अंगणात गुजराती बोलतात. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळे झाले, आणि तेव्हापासून या शहरात कोणत्याही कचेरीत कोणाचे मराठीवाचून अडत नाही. तरी गायकवाडांच्या मागोमाग आलेल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, ती कोणी टिकवली? दिवेलागणीला मुलांना हातपाय धुवून शुभंकरोति म्हणायला बसवणाऱ्या बायकांनी. माझा धाकटा परवा म्हणाला, "आई, मला बहु भूक लागली." मी म्हटले, "बहु नाही, खूप." एवढेच. दिवसातून असे वीस वेळा करायचे असते आणि त्यासाठी माणूस घरात हजर असावे लागते. जेवताना फोन बाजूला, सगळ्यांनी एकत्र बसायचे, पान वाढून झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हे नियमही मी कधी सैल केले नाहीत. मोठी कुरकुरते. कुरकुरू दे.

मात्र पगार नको म्हणजे काहीच नको, असे मी म्हणत नाही, आणि हे मी विशेषतः माझ्याच विचारांच्या बायकांसाठी लिहीत आहे. संसार दोघांचा असेल तर कागदही दोघांचे हवेत. माझे सासरे अचानक गेले तेव्हा सासूबाईंना कोणत्या बँकेत किती खाती आहेत हेही ठाऊक नव्हते. एका ठेवीवर वारस म्हणून सासऱ्यांच्या आईचे नाव होते, आणि त्या जाऊन वीस वर्षे झाली होती. आठ महिने या खिडकीवरून त्या खिडकीवर हेलपाटे घालताना मी त्यांच्यासोबत होते. एका कचेरीत त्यांना तोंडावर विचारले गेले, "पण तुम्ही इतकी वर्षे केलेत काय?" पंचेचाळीस वर्षे त्यांनी ते घर उभे ठेवले होते.

तेव्हाच मी ठरवले की हे माझ्या वाट्याला येऊ द्यायचे नाही. आमचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. गुजरातमध्ये एकट्या स्त्रीच्या नावावर घर घेतले तर नोंदणी फी माफ असते, हे त्याचे एक कारण होते खरे, पण यांनी ते मनापासून केले आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. यांचा मुदतीचा विमा आम्ही १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घेतला. तसा घेतला तर ती रक्कम पत्नीची आणि मुलांची ठरते, नवऱ्याच्या कर्जापोटी सावकारांना तिला हात लावता येत नाही. फक्त ते विमा घेतानाच लिहून द्यावे लागते, मागाहून जोडता येत नाही, म्हणून ज्यांचे विमे अजून घ्यायचे आहेत त्यांनी एजंटाला हे आधी विचारावे. घरखर्चाचे खाते आमचे जोड खाते आहे. मला त्यातून पैसे काढताना कोणाला विचारावे लागत नाही आणि काढल्यावर सांगितल्याशिवाय मी राहत नाही.

बँकेतून आल्यावर मी जेवणे उरकून सासूबाईंजवळ बसले आणि सकाळचा प्रकार सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची जुनी वही मागवली, जिच्यात मागे दूध-किराण्याचा हिशेब लिहीत असत. तिच्या कोऱ्या पानावर चष्मा लावून, अक्षर हलत असतानाही, त्यांनी आपली खाती, ठेवी, लॉकरची किल्ली कुठे आहे आणि वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे सगळे एकेका ओळीत उतरवले. शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "इन्सुलिन किती वाजता किती घ्यायचे तेही लिही गं खाली, तू गावाला गेलीस तर कोणाला कळणार?" तेवढे मी लिहिले.