‘खडूचा तुकडा’ या अभिप्रायास दुकानमालकाचे उत्तर

नमस्कार सर,

सीताबर्डीच्या आमच्या दुकानातून आपण अठराशे रुपयांना नेलेला अमोनाइट (समुद्रातल्या नामशेष शंखधारी प्राण्याचा जीवाश्म) म्हणजे ‘प्लास्टरचा नकली माल, नुसता खडूचा तुकडा’ आहे, त्यावर शंखाची चमक नाही आणि व्हिनेगरमध्ये ठेवताच फेस येऊन त्याच्या कडा झिजल्या, असे लिहून आपण एक तारा दिला आहे. आपल्याला मनस्ताप झाला याबद्दल क्षमस्व. हा दगड धुवायचा नसतो, हे काउंटरवर सांगायचे राहून गेले. ती चूक आमचीच.

मात्र ‘प्लास्टर’ हा शब्द बावीस वर्षे हाच व्यवसाय करणाऱ्याला लागतो. प्लास्टर जिप्समचे असते आणि निव्वळ जिप्समला व्हिनेगरने फेस येत नाही. फेस येतो तो कॅल्शियम कार्बोनेटला. खडूचा तुकडा म्हणालात तर ते शब्दशः खरे आहे. फळ्यावरचा खडू हल्ली बहुधा जिप्समचाच असतो, आपल्याकडचा मात्र अस्सल आहे: इंग्लंडमधील केंटच्या किनाऱ्यावरचा, उत्तर क्रिटेशस काळातला, साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला. सूक्ष्म शैवालांच्या कॅल्साइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच, चकत्यांचा तो थर आहे. अमोनाइटचे कवच अरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच अधिक सहज विरघळणाऱ्या रूपाचे, असते. ते अशा खडकात बहुधा विरघळून जाते आणि आत शिरलेल्या गाळाचा घट्ट साचा तेवढा मागे राहतो. त्यावर चमक येणार कुठून? चमक हवी होती तर शेजारीच मादागास्करचा पॉलिश केलेला नग होता. तो आपणच ‘फार भडक आहे’ म्हणून बाजूला सारलात आणि अर्धा तास घासाघीस करून अडीच हजारांचा हा अठराशेला नेलात, हे अभिप्रायात आले असते तर बरे झाले असते.

‘विदर्भात समुद्री प्राणी कुठून आला’ असेही आपण विचारले आहे. नागपुरातल्या टाकळीच्या खडकाच्या थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच डबीवरच्या लेबलावर ‘केंट, इंग्लंड’ असे स्पष्ट लिहिले होते. लेबल इंग्रजीत आणि अक्षर बारीक होते, हे मान्य. यापुढे मराठीतूनही सूचना देण्याचे पाहतो.

उरलेला नग आणि पावती घेऊन या. भूशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकांना तो आपल्यासमोर दाखवू. चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या चकत्या दिसतील. प्लास्टर निघाल्यास पूर्ण रक्कम परत करीन. एका ताऱ्यामुळे या आठवड्यात दोन शाळांनी संच घेण्याचे पुढे ढकलले आहे, म्हणून हे इतके सविस्तर लिहावे लागले. सोमवारी दुकान बंद असते. येईपर्यंत कृपया त्याला पुन्हा व्हिनेगर लावू नका.