बिनभाड्याचा मुक्काम

कोल्हापूरच्या माणसाला खर्चाचे वावडे नाही. पाहुणा दारात आला, तर तो तांबडा-पांढरा रस्सा करून त्याला आग्रहाने जेवू घालील आणि निघताना गुळाची ढेपही गाडीत टाकील. परंतु रात्री नुसते डोळे मिटून पडण्यासाठी परक्या माणसाला पैसे मोजायचे, हे काही त्याच्या पचनी पडत नाही. निदान आमच्या काकांच्या तरी पडत नाही. काकांची उभी हयात एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात गेली. झोप ही माणसाला फुकट मिळालेली गोष्ट आहे आणि तिच्यावर जीएसटी भरणे हा शुद्ध गाढवपणा आहे, असे ते कोणी विचारले नाही तरी सांगतात. त्यामुळे सहकुटुंब कन्याकुमारीला जायचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न ‘काय पाहायचे’ हा विचारला नाही, तर ‘झोपायचे कुठे’ हा विचारला. कोल्हापूरहून कन्याकुमारी सुमारे तेराशे किलोमीटर, आम्ही माणसे सात, म्हणजे प्रत्येक मुक्कामाला किमान दोन खोल्या. त्यांनी पाठीमागच्या पानावर गुणाकार केला आणि वही मिटून घेतली.

तोडगाही त्यांनीच काढला. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या त्यांच्या एका मित्राला आपले भाग्य उघडल्याचा भास झाला होता. त्याने सतरा आसनांची एक जुनी गाडी विकत घेतली, आतली आसने काढून तिथे पलंग, ओटा, टाकी आणि कपाटे बसवली, आरटीओची रीतसर मंजुरी मिळवून आरसीवर बदलाची नोंद करून घेतली आणि तो गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला. गिऱ्हाईक आले नाही, काका गेले. ‘लांबचा पल्ला मारून आणा, आणि काय सुटते, काय तुटते ते सांगा,’ एवढ्याच बोलीवर गाडी आम्हांला फुकट मिळाली.

हा मित्र मूळचा फाउंड्रीवाला होता, हे इथे सांगणे आवश्यक आहे. ज्या गावाने ऑइल इंजिने आणि गुऱ्हाळांचे चरक घडवले, त्या गावच्या कारागिराला पातळ पत्रा हा वैयक्तिक अपमान वाटतो. अशा गाडीचे आतले सामान हलके ठेवतात, त्यासाठी प्लायवूड आणि ॲल्युमिनियम वापरतात, असे मी कुठेतरी वाचले होते. आमच्या गाडीत सगळे अँगल आणि पाच एमएमची प्लेट होती. ओट्यावर पोळ्या लाटता येत होत्या, आणि वेळ पडली असती तर लेथही बसवता आला असता. घडीचा पलंग उघडायला दोन माणसे लागत, मिटायला तीन. साहजिकच गाडी एका लिटरला आठ किलोमीटरच्या वर जायला तयार नव्हती, आणि चढ लागला की तिला आपल्या वयाची आठवण होत असे.

चालक ठेवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सोडवला. साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहन हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्वाळा न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला होता, आणि काकांनी त्या बातमीचे कात्रण वहीत जपून ठेवले होते. घरात परवाना असलेला मी एकटाच. चालकाचा पगार आणि भत्ता या रकान्यात काकांनी मोठ्या समाधानाने शून्य लिहिले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

कागलच्या पुढे राज्याची हद्द ओलांडेपर्यंत डिझेल भरायचे नाही, हा पहिला हुकूम होता. ‘अरे, कर्नाटकात स्वस्त असतंय,’ असे काका म्हणाले. हे वाक्य कोल्हापुरात इतकी वर्षे म्हटले जात आहे की, ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. काटा तळाला टेकलेला, गाडीत सात माणसे आणि उद्यमनगरचे सगळे लोखंड, अशा अवस्थेत मी श्वास रोखून हद्दीजवळचा कोगनोळीचा टोलनाका पार केला. दरम्यानच्या काळात कर्नाटक सरकारने २०२४ साली आणि पुन्हा २०२५ साली डिझेलवरचा विक्रीकर वाढवला होता. पंपावरच्या फलकाकडे काका बराच वेळ पाहत राहिले. फरक पैशांत होता, रुपयांत नव्हता. त्यांनी वहीत दर लिहून घेतला, आणि पुढचे तीस किलोमीटर ते एक अक्षर बोलले नाहीत.

खरे तर त्यांचे मन टोलनाक्यावरच दुखावले होते. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध कोल्हापूर वर्षानुवर्षे झगडले आणि अखेर तो टोल रद्द करायला लावला, त्या मोर्च्यांमध्ये काका पुढच्या फळीत होते. टोल म्हटला की त्यांच्या अंगात बळ येते. परंतु फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि भांडणाची सगळी रीतच बुडाली. काका बाह्या सरसावून खिडकीत बसले होते; ‘पीक’ असा आवाज झाला, दांडा वर गेला, पैसे कापले गेले, आणि ज्याच्याशी हुज्जत घालायची तो माणूसच कुठे दिसेना. त्यातून आणखी एक घाव बसायचा होता. तीन हजार रुपयांत दोनशे वेळा नाके ओलांडू देणारा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला, तो आपल्याला मिळेल अशी त्यांची खात्री होती. पण तो पास खासगी कार, जीप आणि व्हॅन यांच्यापुरताच असून आमचे घर मिनीबसच्या वर्गात मोडते, हे त्यांना मोबाइलवर आलेल्या पहिल्याच संदेशातल्या रकमेवरून कळले. पुढच्या प्रत्येक नाक्यावर ते डोळे मिटून घेत.

खरा छळ मात्र पाण्याने मांडला. टाकी शंभर लिटरची होती. काकांनी माणशी कोटा ठरवून दिला, पितळी मापही सोबत आणले. आईने आपल्या पूजेचा तांब्या कोट्याच्या बाहेर असल्याचे पहिल्याच सकाळी जाहीर केले, आणि देवापुढे हिशेबनीसाचे काही चालत नाही. काकूंनी भांडी आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून मग ओंजळभर पाण्यात विसळण्याचे शास्त्र विकसित केले. ही सगळी काटकसर दावणगेरेच्या अलीकडे एका सकाळी माझ्या मुलीने केस धुऊन धुळीला मिळवली. नळातून फुर्र असा आवाज आला, तेव्हा धाकट्याच्या तोंडात टूथपेस्टचा फेस होता आणि माझ्या एका गालावर साबण.

गाडीत शौचालयही होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याची टाकी रिकामी करण्याची सोय वाटेत कोठे असावी, याचा विचार शासनाच्या धोरणाने केला असेल, पण आम्हांला तरी तेराशे किलोमीटरमध्ये ती दिसली नाही. तेव्हा त्या जागेत कांदे, बटाटे आणि भडंगाच्या दोन पिशव्या ठेवण्यात आल्या, आणि सातही जणांचे प्रातर्विधी पेट्रोलपंपांवर सोपवण्यात आले. कोणाकडे काही फुकट मागायचे नाही, हा काकांचा बाणा. म्हणून त्यांनी टाकी एकदम न भरता जागोजागी पाचशे-पाचशे रुपयांचे डिझेल घेण्याचे धोरण आखले. पाचशे रुपयांत आंघोळीचा नसला, तरी बाकीचा हक्क प्रस्थापित होतो, असा त्यांचा हिशेब होता. पाचशेच्या बदल्यात बाया-माणसांसह सात जणांची रांग स्वच्छतागृहाकडे वळताना पाहून पंपावरच्या पोरांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटत, ते कन्नडमध्येही समजत होते आणि पुढे तमिळमध्येही.

स्वयंपाक वाटेत करायचा, हेही ठरलेले होते. चित्रदुर्गाजवळच्या टेकड्यांवर ओळीने पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या तिथे का उभारल्या, हे आम्हांला पिठल्याच्या वेळी कळले. मागचे दार उघडून पाच किलोच्या सिलिंडरवर शेगडी पेटवली की, वारा ती तत्परतेने विझवत होता. मी आणि बायकोने चादर धरली, मुलांनी चटई धरली, काकांनी वही धरली, आणि आमच्या मधोमध काकू पिठले घोटत राहिल्या. ‘अहो, समोर ढाबा आहे,’ असे बायको तीन वेळा म्हणाली. तिसऱ्यांदा ती मला उद्देशून म्हणाली नसावी, कारण आवाज काकांपर्यंत पोहोचेल एवढा होता.

चालत्या घराचा एक दोष असा की, त्यातली प्रत्येक वस्तू निघण्यापूर्वी बांधावी लागते. कृष्णगिरीहून सेलमकडे जाताना थोपूरचा घाट लागतो. उताराचा, वळणांचा आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध. मी दोन्ही हातांनी चाक धरून, पुढच्या ट्रकवर नजर ठेवून उतरत होतो. इतक्यात मागच्या कपाटाची कडी निघाली आणि वर्षभराच्या बेगमीतून आणलेल्या कांदा-लसूण चटणीचा डबा उघडा होऊन थेट पंख्यासमोर पडला. पुढचे काही क्षण कुटुंबाच्या इतिहासात नोंदवण्याजोगे होते. सातही जण एकाच वेळी शिंकत होते, आई शिंका-शिंकांमधून रामरक्षा म्हणत होती, आणि माझ्या डोळ्यांतून अशा धारा लागल्या होत्या की, बाजूने जाणाऱ्या लॉरीचालकाला मी घाटाच्या सौंदर्याने गहिवरलो आहे असे वाटले असावे. नामक्कल येईपर्यंत काचा उघड्या होत्या. ते गाव अंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे भुर्जी केली, तेव्हा चटणी वेगळी घालावी लागली नाही.

रात्रीचे वर्णन थोडक्यात करतो, कारण रात्रींना काही घटना नव्हत्या, नुसती लांबी होती. बॅटरी पंख्यापुरती, पंखा सुरू ठेवला तर ती सकाळी बसेल, म्हणून तो बारानंतर बंद. खिडकी उघडली तर डास, मिटली तर घाम. ट्रकतळावर उभे राहिलो, तर पहाटे तीनपासून इंजिने तापवली जात. एकांतात उभे राहिलो, तर गस्तीचा पोलीस काठीने दार वाजवी आणि आत देवघर, आजी व मुले पाहून आमच्यापेक्षा जास्त गोंधळे. पुढच्या आसनावर अर्धवट बसून झोपायचे काम चालक या नात्याने माझ्याकडे होते.

मदुराईत आणखी एक शोध लागला. जे घर तुम्हांला मंदिरापर्यंत नेणार, ते मंदिराच्या गल्लीत शिरत नाही. गाडी दूर उभी करायची, मोठ्या वाहनाचे भाडे द्यायचे, मग दोन रिक्षा करायच्या. दर्शन झाले की, पुन्हा दोन रिक्षा करून आपल्याच घरी परतायचे. मंदिराजवळच्या एका साध्या लॉजच्या पाटीवरचा दर माझ्या बायकोने मोठ्याने वाचला. काकांनी ‘गोपुर बघा, गोपुर’ असे म्हणून सर्वांच्या माना वर करायला लावल्या.

कन्याकुमारी सुंदर आहे. तिथे आम्हांला कसलाही त्रास झाला नाही, त्यामुळे लिहिण्याजोगे फारसे नाही. एकनाथ रानडे यांनी चिकाटीने उभारलेले आणि १९७० साली खुले झालेले विवेकानंद शिलास्मारक पाहून काकांचा ऊर भरून आला. शेजारचा प्राचीन तमिळ कवी तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा त्यांच्या ग्रंथातल्या १३३ अध्यायांशी मेळ ठेवून उभारला आहे, हे कळल्यावर तर ते हात जोडून उभे राहिले. बेरीज जुळवणाऱ्या माणसांविषयी त्यांना अपार आदर आहे. दोन्ही खडकांना जोडणाऱ्या काचेच्या पुलावर आई डोळे मिटून चालली, म्हणजे काच बसवण्याचा खर्च तिच्यापुरता वाया गेला.

परतीच्या वाटेवर कृष्णगिरीच्या आसपास पाऊस लागला, छताचा एक सांधा गळू लागला, आणि आईने शांतपणे सांगितले, ‘मी आता या गाडीत झोपणार नाही.’ आईच्या वाक्यावर अपील नसते. लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या. काका तत्त्वाला जागून गाडीतच राहिले. रात्री अकराच्या सुमारास ते मोबाइल चार्ज करायला म्हणून वर आले, एसीखालच्या पलंगावर क्षणभर टेकले, आणि सकाळी साडेआठला चहावाल्याने दार वाजवले तेव्हा उठले. त्यांच्या घोरण्याने मी जागा होतो, तरीही सगळ्या प्रवासातली ती माझी सर्वांत सुखाची रात्र होती. लॉजची पावती त्यांनी स्वतः मागून घेतली आणि वहीत ‘वाहन देखभाल’ या सदराखाली चढवली. गाडीला विश्रांती मिळाली, असे त्यांचे म्हणणे. डिझेल, टोल, रिक्षा आणि देखभाल यांची एकूण बेरीज त्यांनी अजून कोणाला दाखवलेली नाही.

गाडी परत करायला उद्यमनगरात गेलो, तेव्हा मालकाने चहा मागवला आणि कागद-पेन्सिल घेऊन तो समोर बसला. मी सगळे सांगितले: वजन फार आहे, पलंग उघडत नाही, कडी टिकत नाही, छत गळते, पाणी पुरत नाही. त्याने एक शब्दही लिहिला नाही. मी बोलायचा थांबल्यावर तो उठला, आत शिरून प्रत्येक सांध्यावर हातोडीने ठोकून आला, आणि त्याचा चेहरा उजळला.

‘तेराशे जायला, तेराशे यायला, एक वेल्डिंग हललेलं नाही,’ तो काकांना म्हणाला. ‘पण तुम्ही एवढं सांगताय तर पुढच्या गाडीला आठ एमएमची प्लेट टाकतो.’