हालवून पाह्य

खांदशेकणीच्या संध्याकाळी बाबांनी पोळ्याच्या सामानाचं गाठोडं सोडलं, तर त्यात मठाट्या, घुंगरं, नव्या वेसणी आणि माझ्या चार केबली. "रंग चांगला हाय, लांबीच पुरत नाई," म्हणत ते नारिंगी केबल सर्ज्याच्या शिंगाला गुंडाळून पाहत होते.

बाबांचा दोष नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे सुट्या डब्यांचं विजेवरचं वाद्य, एकच, माझा, आणि तो उघड्या डीपीसारखा दिसतो. एका डब्यातून निघालेला आवाज केबलीने दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात न्यायचा. दाराशी आलेली काकू हटकून विचारते, "फ्यूज गेला का बाप्पा?"

१९९५ साली जर्मनीत डीटर डोएप्फर यांचा ए-१०० नावाचा असाच सिंथेसायझर आला, त्या घराण्यातलं हे यंत्र. पिन साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे इअरफोनचीच. मी म्हटलं, सोपं आहे. तालुक्याला मोबाईलच्या दुकानात गेलो.

"मोनो आहे का?"

"मोनो कंपनी बंद झाली भाऊ. हे घ्या, तिच्याहून भारी."

पिनेवर एक काळा पट्टा म्हणजे मोनो, दोन म्हणजे स्टिरिओ. ही दोन पट्ट्यांची होती. तीही बहुतेक वेळा चालते म्हणा, पण हिचं प्लास्टिकचं बूड इतकं जाड, की शेजारच्या भोकात दुसरी पिन शिरेना. एसटीच्या बाकावर पाटील आधी बसले की आपलं जे होतं, ते. शिवाय आत तारेभोवती जाळीचं वेष्टण नावालाच. पलीकडची पिठाची गिरणी सुरू झाली, की माझ्या स्पीकरात घूं!

मग ऑनलाइन दहा मागवल्या. देखण्या! पण दहाही केबली जोडलेल्या आणि आवाज गुल, तर गुन्हेगार कोण? मी डबे बदलले, स्पीकर बदलला, वीजवाल्यांचा उद्धार केला. पूर्ण मेलेली केबल तरी बरी, अर्धमेली छळते. या यंत्रात सूर व्होल्टवर ठरतो: एका व्होल्टला एक सप्तक, म्हणजे त्यातल्या बारा स्वरांपैकी एकाला ८३ मिलिव्होल्टच्या आसपास. जोड ढिला पडला, की सूर उतारावरच्या बंडीसारखा घरंगळतो. १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये रॉबर्ट मूग यांचा सिंथेसायझर आला होता; तिथली मंडळी अशा वेळी कोणाला शिव्या देत असतील?

शेवटी तारा तपासायचं मीटर आणलं. दोन टोकांना दोन काड्या लावल्या, की वायर शाबूत असेल तर बीप. दहाच्या दहा बीप! तरी आवाज नाही.

हे रडगाणं मी गोठ्यातच बाबांना ऐकवलं. बाबांची हयात विहिरीवरच्या मोटारीची वायर शोधण्यात गेलेली.

"मीटर लावलं तं वायर शहाण्यावानी चूप बसते. हालवून पाह्य ना बे."

त्यांनी पिन एका हातात धरली, वायर मानेपाशी वाकवली. बीप तुटला. दुसरी, तुटला. पाच मिनिटांत तीन मेल्या. एक कापून पाहिली: रबराची मान नुसती शोभेची, आत दोन केसांएवढ्या तारा आणि वर कथलाचा बोराएवढा गोळा.

"आन् तू वायर धरून उपसतं काऊन? पिनीले धरून काढाव."

मेलेल्या तिन्ही केबली जोडून सर्ज्याच्या शिंगांना पुरल्या. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली, झडत्या रंगात आलेल्या, सर्ज्या मुंडी झटकत उभा. बाबांनी मला कोपर मारलं.

"पाह्य, किती हालवून राह्यला. तुटते का?"