‘जुना रसिक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘मुघल-ए-आझम’वरच्या माझ्या लेखाखाली ‘जुना रसिक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की, आज हा चित्रपट पाहताना शेवटी अकबर थोर ठरतो, पण त्याच्या थोरवीची किंमत शहजादा सलीमवर प्रेम करणारी नर्तकी अनारकली मोजते. त्यावर आपण लिहिता : “मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी सिनेमे बघणाऱ्या पिढीने अशा कलाकृतींच्या वाटेला जाऊ नये. अकबराचा न्याय कळायला वय लागतं. आधी इतिहास वाचा. आणि मराठी असून दुर्गा खोटेंबद्दल एक ओळ नाही?”

दुर्गाबाईंचं मान्य. नवरा की मुलगा या पेचात अकबराच्या हाती तलवार देणारी त्यांची जोधा लेखात यायला हवी होती. तेवढा मुद्दा आपला.

आता मोबाइल. मी सिनेमा कशावर पाहिला हे लेखात कुठेही लिहिलेलं नाही. मग आपल्याला हे कुठून कळलं? वयाचा अंदाजही असाच ठोकून दिलेला. साहेब, मी चाळिशी ओलांडली आहे. 1960च्या ऑगस्टमध्ये हा चित्रपट मुंबईत मराठा मंदिर थिएटरला लागला, तिकिटासाठी लोक रांगेतच झोपू लागले, तेव्हा माझे बाबा शाळेत होते. त्यांनी तो तिथेच पाहिला. पुढे आमच्या घरी त्याच्या संवादांची कॅसेट होती. पृथ्वीराज कपूरांचा आवाज लागला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “त्या बादशहाला जरा हळू बोलायला सांगा!” 2004 साली संपूर्ण रंगीत आवृत्ती आली, तेव्हा बाबांबरोबर मी ती थिएटरात पाहिली. बाबा मध्यंतरापर्यंत कुरकुरत होते की, रंग शीशमहालासाठी राखून ठेवण्यातच मजा होती, सगळंच रंगवल्यावर ‘प्यार किया तो डरना क्या’ला झगमगायला उरलं काय? मला ते पटलं होतं, आजही पटतं. तेव्हा या सिनेमाच्या वाटेला जायचा परवाना मला कुणाकडून घ्यायचा नाही.

आणि मोबाइलवर पाहिला असता तरी काय बिघडलं असतं? सलीमच्या प्रेमप्रसंगामागे गायक बडे गुलाम अली खाँसाहेबांचा सोहनी राग चालू आहे आणि दिलीपकुमार मधुबालाच्या चेहऱ्यावरून नुसतं पीस फिरवतोय, हे सहा इंचांवरही दिसतं. तिच्या अंगावरच्या साखळ्या खऱ्या लोखंडाच्या होत्या, आणि ती हृदयविकाराने आजारी होती. हे ठाऊक झाल्यावर ‘बेकस पे करम कीजिए’ कुठल्याही पडद्यावर बघवत नाही. तीन तास सतरा मिनिटं एका बैठकीत बसलं की समज येते असं असतं, तर थिएटरातले डोअरकीपर सगळ्यात मोठे समीक्षक झाले असते.

“वय लागतं” हे वाक्य तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते बोलणाऱ्याकडे बहुतेक वेळा दुसरं उत्तर नसतं. तुमच्याकडे असेल तर सांगा ना! अकबर अनारकलीला जिवंत सोडतो, कारण तिच्या आईला दिलेलं वचन त्याला पाळायचं असतं. भुयारातून तिला बाहेर काढलं जातं, आणि ती जिवंत आहे हे सलीमला कधीच कळता कामा नये, ही अट. बादशहाचा शब्द राहिला, बापाला मुलगा मिळाला, हिंदुस्तानला वारस मिळाला. तिचं काय? तिला कुणी विचारलं? याला तुम्ही न्याय म्हणता, मी तडजोड म्हणते. यात पिढीचा संबंध कुठे आला? माझे बाबाही हेच म्हणायचे, आणि त्यांच्याकडे मोबाइल नव्हता.

इतिहासाचं थोडक्यात. सलीम म्हणजेच पुढचा बादशहा जहांगीर. त्याच्या आत्मचरित्रात अनारकली नाही. चित्रपटाचा आधार 1922चं इम्तियाझ अली ताज यांचं नाटक आहे. खऱ्या सलीमने बंड केलं ते गादीसाठी, आणि 1602 मध्ये वीरसिंह बुंदेलाकरवी अकबराच्या विश्वासू अबुल फजलला मारवलं. वाचलाय हो इतिहास. पण मी सिनेमाबद्दल लिहीत होते.

बाकी तुम्ही दिग्दर्शक के. आसिफ यांच्या मेहनतीबद्दल जे दोन परिच्छेद लिहिलेत, त्यावर माझा काहीच आक्षेप नव्हता, त्यामुळे उत्तरही नाही. दुर्गाबाईंच्या जोधेवर वेगळा लेख लिहायचं मनात आहे. तो आला की जरूर वाचा, फक्त तेव्हा प्रतिक्रिया लेखावर द्या, माझ्या वयावर नको.