इस्रोचे ते हजार तास वाया गेलेले नाहीत

नागपुरातल्या बऱ्याच विज्ञानप्रेमी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरतेय. माझ्याकडे भौतिकशास्त्र शिकणारी अकरावी-बारावीची मुलंही ती खरी मानून दाखवतात. मजकूर थोडक्यात असा: इस्रोनं विजेवर चालणारं अंतराळ इंजिन हजार तास नुसतं चालू ठेवलं. रॉकेटची चाचणी तर काही मिनिटांत आटोपते. आता सगळं संगणकावर तपासता येतं. एवढासा जोर मोजायला एवढा खटाटोप कशाला? खासगी कंपन्या थेट उडवून बघतात.

मुलं विचारतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘नुसतं चालू ठेवलं’ हे खरं नाही. ३०० मिलिन्यूटनच्या प्लाझ्मा थ्रस्टरची, म्हणजे त्या विजेवरच्या इंजिनाची, १,००० तासांची आयुर्मान चाचणी पूर्ण झाल्याचं इस्रोनं मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं. अंतराळासारखी परिस्थिती असलेल्या टाकीत, ५.४ किलोवॅटच्या पूर्ण शक्तीवर थ्रस्टर चालवला आणि आतल्या अस्तराची झीज वेळोवेळी तपासली. ती झीज कळावी म्हणूनच तर चाचणी असते.

रॉकेटशी तुलना आपल्याकडे पटकन सुचते. अंबाझरीच्या आयुधनिर्माणीमुळे लष्कराचं पिनाका रॉकेट नागपूरकरांच्या ओळखीचं. पण ते रॉकेट काही सेकंदांत जळून संपतं, त्यामुळे एका चाचणीत त्याचं अख्खं आयुष्य बघून होतं. ३०० मिलिन्यूटन म्हणजे जेमतेम ३० ग्रॅम वजनाएवढा जोर. त्यावर उपग्रह ढकलायचा तर इंजिन महिनोन्‌महिने चालायला हवं. नासाच्या डॉन यानाची तीन इंजिनं मिळून ५१,००० तासांहून जास्त चालली. त्यापुढे हजार तास, म्हणजे सुमारे ४२ दिवस, मला तरी कमीच वाटतात.

आता संगणकाचं. डीप स्पेस १ या यानासाठी बनवलेलं जादा आयन इंजिन (हेही विजेवरच चालणारं) अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत १९९८ ते २००३ दरम्यान ३०,३५२ तास चाललं. त्यात कॅथोडपुढची, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागापुढची, ‘कीपर’ नावाची चकती अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त झिजली. मॉलिब्डेनमची ती चकती डॉनच्या इंजिनांत टँटलमची केली गेली. संगणकाचं मॉडेल मी कमी लेखत नाही, आज त्याशिवाय काम होत नाही. पण झिजेचे आकडे त्याला अशा चाचण्यांतूनच मिळतात. कुठला भाग आधी झिजेल हेच ठाऊक नसेल, तर मॉडेलला तरी काय विचारणार?

जोर मोजण्याचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण जोर जितका कमी तितकं फसणं सोपं. टाकी निर्वात केली तरी इंजिन स्वतःच तिच्यात झेनॉन, म्हणजे त्याचा इंधनवायू, सोडत असतं. पंपांना तो पुरेसा उपसता आला नाही तर उरलेले अणू इंजिनात परत शिरतात आणि जोर असतो त्याहून जास्त दिसू शकतो. आयनांचा झोत भिंतीवर आदळून तिथलं द्रव्य उडवतो. ते इंजिनावर येऊन बसलं की खरी झीज झाकली जाते. २०१६ मध्ये नासाच्या एका गटानं इंधनाशिवाय चालणाऱ्या ‘एमड्राइव्ह’चा जोर मोजल्याचं प्रसिद्ध केलं, आणि जगभर गाजावाजा झाला. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मार्टिन टायमार यांच्या गटानं तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला, तेव्हा जोर उरलाच नाही. तापून प्रसरण पावणाऱ्या भागांमुळे जोर मोजणारा तराजूच हलत होता. हे शोधायला त्यांना काही वर्षं लागली. कंटाळवाणं काम आहे हे मान्य, पण तेच सोडलं असतं तर एमड्राइव्ह आज पाठ्यपुस्तकात असतं.

राहिल्या खासगी कंपन्या. स्पेसएक्स या खासगी कंपनीचे स्टारलिंक उपग्रह हजारोंनी आहेत आणि पृथ्वीच्या जवळ फिरतात. एखाद्याचं इंजिन बंद पडलं तर तो काही वर्षांत खाली येऊन जळतो, जागा दुसरा घेतो. इस्रोला मात्र याच थ्रस्टरच्या बळावर दळणवळण उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीच्या भूस्थिर कक्षेपर्यंत चढवायचे आहेत. अर्ध्या वाटेत इंजिन थांबलं तर तिथं जाऊन ते बदलता येणार नाही. म्हणून हजार तासांवर थांबू नये, पुढच्या हजारो तासांसाठीही टाकी, झेनॉन आणि माणसं मिळावीत, अशीच माझी मागणी आहे.